नऊच्या जवळ कोण? बॅकरॅटची तोंडओळख

बॅकरॅटमध्ये पैसे लावणारा एकही पान खेळत नाही. मेंढीकोटात हुकूम निवडावा लागतो, रमीत कोणते पान टाकायचे ते ठरवावे लागते, तीन पत्तीत थापा मारता येतात. इथे यातले काहीच नाही. टेबलावर तीन चौकटी आखलेल्या असतात, प्लेअर, बँकर आणि टाय, म्हणजे बरोबरी. पाने वाटण्यापूर्वी यांपैकी एकीवर चिप ठेवायची. पुढचे सगळे डीलर ठरलेल्या नियमाने करतो. ‘प्लेअर’ म्हणजे खेळणारा आणि ‘बँकर’ म्हणजे कॅसिनो असे मात्र नव्हे. ती दोन हातांची नुसती नावे आहेत आणि कोणीही कोणत्याही हातावर पैसे लावू शकतो. नवख्याचा पहिला गोंधळ या नावांपाशीच होतो, म्हणून सुरुवातीला त्यांच्याकडे डावा हात आणि उजवा हात एवढ्याच अर्थाने पाहिलेले बरे.

ज्या हाताची बेरीज नऊच्या जास्त जवळ, तो हात जिंकला. एक्क्याचा एक गुण, दुर्रीपासून नव्वीपर्यंत पानावरचा आकडा तेवढे गुण, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा यांना शून्य. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या रंगांना काही किंमत नाही. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर दशकाचा आकडा सोडून एकक धरायचा. सत्ती आणि अठ्ठी मिळून पंधरा, म्हणजे पाच. राजा आणि राणी मिळून शून्य. इतर बहुतेक खेळांत तोऱ्यात मिरवणारी ही पाने इथे निव्वळ भरती असतात.

फक्त एकक धरण्याची ही रीत महाराष्ट्राला अनोळखी नाही. १९६०च्या दशकात मुंबईतून पसरलेल्या मटक्यात तीन पाने काढून त्यांची बेरीज करत आणि तिचा शेवटचा आकडा ‘ओपन’ किंवा ‘क्लोज’ म्हणून जाहीर करत. पाच, तीन, सहा निघाले की चौदा, म्हणजे चौका. मटका चालवणाऱ्या रतन खत्रीच्या काळात हे गणित न शिकलेल्या माणसालाही तोंडपाठ असे. बॅकरॅटची बेरीज त्याहून वेगळी नाही. मटक्याची आठवण पुढे टायच्या हिशेबात पुन्हा उपयोगी पडेल.

खेळासाठी बहुतेक ठिकाणी आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणजे ४१६ पाने. ती ‘शू’ नावाच्या लांबट पेटीत भरतात आणि डीलर तिच्यातून एकेक पान सरकवतो. सुरुवातीला एक पान उघडून त्यावरच्या आकड्याइतकी पाने न दाखवता बाजूला टाकतात. शेवटाकडे एक रंगीत प्लास्टिकचे पान घुसवलेले असते. ते बाहेर आले की तो शू संपत आल्याची खूण. एका शूमध्ये साधारण सत्तर ते ऐंशी डाव होतात.

डाव सुरू होताना दोन्ही हातांना दोन-दोन पाने मिळतात. पहिले आणि तिसरे पान प्लेअरचे, दुसरे आणि चौथे बँकरचे. कोणत्याही हाताची बेरीज दोन पानांतच आठ किंवा नऊ झाली तर तिला ‘नॅचरल’ म्हणतात. मग आणखी पान निघत नाही, आहे त्यावर निकाल. साधारण तीन डावांपैकी एक असा लगेच मिटतो.

नॅचरल नसेल तर आधी प्लेअरचा निर्णय. त्याची बेरीज शून्य ते पाच असेल तर तिसरे पान मिळते, सहा किंवा सात असेल तर नाही. प्लेअरने तिसरे पान घेतले नसेल, तर बँकरलाही हाच नियम लागू, पाचपर्यंत पान घ्यायचे, सहा-सातवर थांबायचे. खरी किचकट जागा पुढे आहे. प्लेअरने तिसरे पान घेतले असेल, तर बँकर काय करील हे त्या पानावर अवलंबून असते. बँकरकडे शून्य, एक किंवा दोन असेल तर तो नेहमीच पान घेतो. तीन असेल तर घेतो, पण प्लेअरचे तिसरे पान अठ्ठी असेल तर घेत नाही. चार असताना ते पान दोन ते सात यांपैकी असावे लागते, पाच असताना चार ते सात, सहा असताना फक्त सहा किंवा सात. सात झाले की बँकर थांबतोच.

हा तक्ता मनमानी वाटतो, पण तसा नाही. बँकरला प्लेअरचे तिसरे पान दिसल्यावर निर्णय घ्यायचा आहे, म्हणून त्या पानाने प्लेअरचे भले झाले की वाटोळे, एवढाच प्रश्न त्यात गुंतलेला आहे. अठ्ठीचे उदाहरण पाहावे. पान घेण्यापूर्वी प्लेअरकडे शून्य ते पाच यांपैकी काहीतरी होते. अठ्ठी मिळाल्यावर त्या सहा शक्यता अनुक्रमे आठ, नऊ, शून्य, एक, दोन आणि तीन होतात. म्हणजे बँकरच्या तीनला हरवणाऱ्या शक्यता दोनच, एक बरोबरीची, बाकी सगळ्या हरणाऱ्या. अशा वेळी तीनवर थांबणेच शहाणपणाचे. उलट प्लेअरला छक्की आली तर त्याच शक्यता सहा, सात, आठ, नऊ, शून्य, एक अशा होतात; त्यांतल्या तीन बँकरच्या सहाला मागे टाकतात, म्हणून सहा असूनही बँकर पान घेतो. कारण कळले की तक्ता पाठ करावा लागत नाही, थोडा विचार करून पुन्हा मांडता येतो.

एक डाव पाहू. प्लेअरला राणी आणि पंजी, म्हणजे पाच. बँकरला नव्वी आणि सत्ती, म्हणजे सोळाचे सहा. प्लेअरला तिसरे पान मिळते, ते निघते तिर्री, झाले आठ. तिसरे पान सहा-सात नसल्याने बँकर सहावर थांबतो आणि हरतो. दुसऱ्या डावात प्लेअरच्या दोन सत्त्या, म्हणजे चार. बँकरची दुर्री आणि एक्का, म्हणजे तीन. प्लेअरचे तिसरे पान अठ्ठी, बेरीज बारा, म्हणजे दोन. बँकर वर सांगितलेल्या अपवादाने पान घेत नाही आणि तीन विरुद्ध दोन असा जिंकतो. इतक्या हलक्या आकड्यांवर डाव जिंकला जातो हे पाहून नवखा चकित होतो, पण असे वरचेवर घडते.

आता पैशाचा हिशेब. प्लेअरवर लावून जिंकल्यास जितके लावले तितके वर मिळतात. बँकरवरही तितकेच, पण त्यातून पाच टक्के कमिशन कापले जाते; १,००० लावले तर ९५० मिळतात. बरोबरी झाली तर प्लेअर आणि बँकर यांवर लावलेले पैसे जसेच्या तसे परत येतात आणि टायवर लावणाऱ्याला आठपट मिळतात, क्वचित काही ठिकाणी नऊपट.

कमिशन बँकरलाच का, याचे उत्तर तक्त्यात आहे. नंतर निर्णय घेणारा हात नेहमी थोडा वरचढ राहतो. आठ कॅटच्या खेळात बँकर ४५.८६ टक्के डाव जिंकतो, प्लेअर ४४.६२ टक्के, आणि ९.५२ टक्के डाव बरोबरीत सुटतात. कमिशन नसते तर प्रत्येकाने बँकरवरच लावून कॅसिनो बुडवला असता. पाच टक्के कापल्यावर तोल उलटतो आणि बँकरवर लावलेल्या रकमेमागे कॅसिनोचा वाटा १.०६ टक्के राहतो. प्लेअरवर तो १.२४ टक्के. टायवर मात्र १४.३६ टक्के. मटक्यात दहा आकड्यांपैकी एकावर लावून रुपयाला साधारण नऊ रुपये हाती येत, म्हणजे चालवणाऱ्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. झगमगत्या टेबलावरची टायची चौकट त्या गल्लीतल्या धंद्याहूनही महाग आहे. दोन पानांची जोडी येईल यावर लावायच्या ‘पेअर’ वगैरे जादा चौकटींचा मामलाही असाच. जोडीला अकरापट मिळतात आणि कॅसिनोचा वाटा दहा टक्क्यांवर जातो. काही टेबलांवर ‘नो कमिशन’ अशी पाटी असते. तिथे बँकर सहा गुणांवर जिंकला तर अर्धेच पैसे देतात आणि वाटा उलट वाढून सुमारे दीड टक्का होतो.

दीड-एक टक्का ऐकायला नगण्य वाटतो. फसगत इथेच होते, कारण तो खिशातल्या पैशांवर नसून फिरवलेल्या पैशांवर आहे. तासाला साठ डाव धरले आणि दर डावाला १,००० रुपये बँकरवर लावले, तर तासाभरात ६०,००० रुपये टेबलावरून फिरतात आणि त्यांवर सरासरी ६३६ रुपये गमावले जातात. तेच टायवर लावत राहिले तर साडेआठ हजारांहून जास्त. अर्थात ही झाली सरासरी. एका तासात प्रत्यक्ष निकाल वर किंवा खाली सात हजारांनी हलणे अगदी नेहमीचे. म्हणूनच अधूनमधून जिंकून उठणारी माणसे भेटतात, त्यांच्या कथा फिरतात, आणि सहाशे रुपयांची संथ गळती कोणाच्या लक्षात येत नाही.

टेबलाशेजारच्या पडद्यावर आधीच्या डावांचे निकाल लाल-निळ्या ठिपक्यांनी मांडलेले असतात. सलग निकाल एका खाली एक आले की त्या उभ्या ओळी ठळक दिसतात आणि लोक त्या पाहून पुढची चाल ठरवतात. काही जण कागद-पेन्सिल घेऊनच बसतात. कॅसिनो हे सगळे स्वतःहून पुरवतो, यातच त्याची किंमत कळते. शूमधून पाने कमी होत जातात हे खरे, त्यामुळे आधीच्या डावाचा पुढच्यावर अगदी बारीक परिणाम होतोही. पण तो पैसे लावण्याच्या उपयोगाचा नाही. ब्लॅकजॅकमध्ये पाने मोजून जिंकता येते हे गणिताने दाखवणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी विल्यम वॉल्डन यांच्यासह बॅकरॅटही तपासले. त्यांना फायदा सापडला तो नेवाडातल्या काही जादा चौकटींवर. मुख्य खेळावर मोजणी चालत नाही, हाच निष्कर्ष निघाला.

हरले की दुप्पट लावायचे, कधीतरी जिंकणारच, हा तोडगाही जुनाच आहे. ५०० पासून सुरुवात करून सलग आठ डाव हरल्यास १,२७,५०० रुपये गेलेले असतात आणि नवव्या डावाला १,२८,००० लावावे लागतात, तेही मूळचे ५०० जिंकण्यासाठी. बरोबरीचे डाव सोडले तर बँकरवर सलग आठ वेळा हरण्याची शक्यता तीनशेत साधारण एक. टेबलाची कमाल मर्यादा बहुधा त्याआधीच आडवी येते.

पाठीवरून पाने ओळखण्याचा प्रयत्न मात्र एकदा गाजला. २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत फिल आयव्ही या व्यावसायिक खेळाडूने सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी कापताना दोन्ही कडांना किंचित वेगळी पडली होती. आयव्ही आणि त्याच्या जोडीदारिणीने शकुनाचे निमित्त सांगून डीलरकडून मोठ्या गुणांची पाने उलटी फिरवून घेतली आणि मग पान निघण्यापूर्वीच ते कोणत्या गटातले हे त्यांना कळू लागले. कॅसिनोने पैसे दिले नाहीत. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली. या खेळात डोके चालवायला जागा उरते ती अशी नियमांबाहेरच.

मूळ फ्रेंच खेळ इतका यांत्रिक नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या ‘शमँ द फेर’ या प्रकारात बँक खेळाडूंमध्ये फिरत असे आणि पाच गुण असताना पान घ्यायचे की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असे. इंग्लंडमध्ये १८९० साली ट्रॅनबी क्रॉफ्ट या हवेलीत बॅकरॅट खेळताना लबाडी झाल्याचा आरोप झाला आणि पुढच्या वर्षी खटल्यात प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, साक्षीसाठी उभे राहावे लागले. इयान फ्लेमिंगच्या १९५३ च्या पहिल्या बाँड कादंबरीतही हाच खेळ होता. तिच्यावरून निघालेल्या २००६ च्या चित्रपटात त्याच्या जागी पोकर आला. आजचा ठरीव नियमांचा ‘पुंतो बँको’ हा प्रकार हवानातून टॉमी रेन्झोनी याने १९५९ मध्ये लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात नेला. त्याची खरी राजधानी मात्र मकाऊ. तिथल्या कॅसिनोंचे बहुतांश उत्पन्न याच एका खेळातून येते.   

कायद्याचा भाग महाराष्ट्रातल्या वाचकाने नीट समजून घ्यावा. येवल्यात दिवाळीच्या रात्री ओट्यावर रमीचा डाव पडणे आणि एखाद्या खोलीत शू, डीलर आणि कमिशन लावून बॅकरॅट चालवणे, यांत कायद्याच्या नजरेने मोठे अंतर आहे. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणे आणि तिथे सापडणे, दोन्ही त्याखाली गुन्हे ठरतात. निव्वळ कौशल्याच्या खेळांना तेराव्या कलमाने सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ मानले आणि तीन पत्तीच्या प्रकारांना निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवले. त्याच मोजपट्टीने बॅकरॅटचा निकाल लावायला वकील लागत नाही, कारण खेळणाऱ्याला निर्णयच नसतो.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवाने देण्याचा आणि त्यांच्याकडून कर घेण्याचा एक कायदा केला होता. तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मोबाइलवरच्या टेबलांचा रस्ताही अरुंद झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी घातली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

उरते गोवा.  गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ आणले. म्हणून पणजीजवळ मांडवीत ती जहाजे उभी दिसतात. एकवीस वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना खेळायला बंदी आहे. प्रवेशशुल्कात बहुधा जेवण आणि पेय धरलेले असते. बॅकरॅटचे टेबल निवडताना आधी त्यावरची किमान रक्कम वाचावी. १,००० च्या टेबलावर पाच हजार घेऊन बसलेला माणूस दहा मिनिटांतही उठू शकतो.

कॅसिनोच्या वाट्याचा हिशेब करताना सरकारचा वाटा विसरून चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप विकत घेताना भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप पुन्हा लावल्यास त्यांवर तो पुन्हा लागत नाही. कर कॅसिनो स्वतः सोसतो की गिऱ्हाइकाकडून घेतो, हे खिडकीवरच विचारून घ्यावे. गिऱ्हाइकाकडून घेतला तर १.०६ आणि १.२४ यांतल्या फरकावर डोके खाजवण्यात काही हशील राहत नाही. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

नियम शिकायला मात्र गोव्यापर्यंत जावे लागत नाही. घरचे दोन-तीन कॅट एकत्र पिसून, चिपऐवजी चिंचोके मांडून हा खेळ तासाभरात हातात बसतो. पैसे नाहीत म्हणून तो जुगारही ठरत नाही. एकाने डीलर व्हावे, दुसऱ्याने निकालांची नोंद ठेवावी. शंभर डावांत टाय नऊ-दहाच्या आसपास यावेत, पण चार किंवा पंधरा आले तरी पानांत खोट समजू नये. शिकणाऱ्याची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. प्लेअर सहा किंवा सातवर थांबलेला असतो, बँकरकडे पाच असतात, आणि डीलर झालेला माणूस प्लेअरचे तिसरे पान शोधत राहतो. ते पान नाहीच, म्हणून लांबचा तक्ता तिथे लागू होत नाही. बँकर साध्या नियमाने पान घेतो.